पाणी प्यालेलं कुत्रं

बापाला कुत्रं चावल्याचं शालूला कळलं ते तीन आठवड्यांनी, आणि तेही आई बोलता बोलता बोलून गेली म्हणून. शालू अकोल्याच्या दवाखान्यात नर्सचं शिकत होती. सुटीत ती चांदूर रेल्वेजवळच्या आपल्या गावी आली होती. तिच्या बाच्या, देवरावच्या, मनगटावरची जखम एव्हाना भरून आली होती.

"सुया घेतल्या?"

"कायले?" देवराव म्हणाला. "पिसाळलेलं कुत्रं पानी पेत नाई. हे तं मले चावलं अन् तिथंच हौदावर लपलप पानी पेलं. म्या सोता पाह्यलं."

"मंग गेलं कुठं?"

"कुत्र्याचा पत्ता इचारून ठेवू काय?"

आई, भागीरथा, हसली. मागच्या महिन्यात शालूच्या दवाखान्यात कुत्रं चावलेल्या एका माणसाला आणलं होतं. कुत्रं पाणी प्यालं होतं, हे त्याची बायको त्याचं प्रेत नेईपर्यंत सांगत होती.

"बा, पान्याले भेते तो मानूस, कुत्रं नाई. पिसाळलेलं कुत्रं पेतेबी."

"असे किती पाह्यले तुनं?"

हा त्याचा नेहमीचा प्रश्न. 'तुमच्यातले लोक असेच' असं बाजारात कुणी म्हटलं, की देवराव थांबायचा आणि आवाज न चढवता विचारायचा, "कोन? नाव सांगा. किती पाह्यले?" बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्याच्या कितीतरी आधीपासून. समोरचा गडबडायचा, एकदा एकानं काठीही उगारली होती. शाळेत जाणाऱ्या लेकीलाही त्यानं हेच विचारायला शिकवलं होतं.

"एक," शालू म्हणाली.

"अन् एकावरून साऱ्या कुत्र्याइले नाव ठेवते?"

"तू किती पाह्यले, पानी न पेनारे?"

खोटं बोलणं देवरावच्या स्वभावात नव्हतं. "एकबी नाई. पन सारेच म्हन्तेत."

"सारे तं आपल्याबद्दलबी म्हन्तेत, बा."

देवराव चावलेलं मनगट चोळू लागला.

"काहून चोळून राहिला?"

"कालपासून मुंग्या येतेत." मग तो म्हणाला, "चाल, सकायच्या मोटरीनं अमरावतीले जाऊ. पोटात सुई देतेत म्हन्तेत. खरं काय?"

"पोट हाये कुठं तुमाले?" भागीरथा म्हणाली. या खेपेला कुणीच हसलं नाही.

सकाळीच ऊन चढलं होतं. मोटरीत माणसं घामानं भिजली होती. देवराव खिडकीशी बसला, कंडक्टरशी दोन शब्द बोलला. मोटर सुटली आणि वारा आत आला, तशी त्यानं मान आखडली. हात गळ्याशी गेला.

"काच लाव, शालू. वारा सोसवून नाई राहिला."

"भाऊ, गरमीनं मारता काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

शालूनं काच ओढली. दवाखान्यातल्या त्या माणसाला पंख्याचा वारासुद्धा सोसेना झाला होता, आणि त्यानंतर सुयांचाही उपयोग झाला नव्हता. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. तो एकच माणूस होता, ती स्वतःला बजावत होती, एकच होता.

"आता बरं वाटते?"

देवरावनं मान हलवली. होय की नाही, ते तिला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचं तिला धाडस झालं नाही.