तिसरा मॉनिटर आईंच्या खोलीत

“जरा डोकं बाजूला घे गं. तुझ्या अंबाड्यामागे अख्खा परिच्छेद गेलाय माझा.”

हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकत आलेय, तेही कानापासून चार बोटांवरून. बोलणाऱ्या आमच्या सासूबाई. माझं काम डीटीपीचं. लेखक कागदावर जे काही लिहून देतात ते टाइप करायचं, पानं लावायची आणि छापखान्यात धाडण्याजोगं पुस्तक करायचं. मी हे कुठल्या क्लासात शिकले नाही. बटणं दाबली, काहीतरी बिघडलं, ते निस्तरता निस्तरता शिकले. आईंचं काम मुद्रितं तपासायचं, म्हणजे मी केलेल्या चुका शोधायच्या. छापखान्यात एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल ओढून माझ्या पाठीशी बसल्या, त्या बसल्याच. सुनेच्या चुका काढायला सासूला हक्काची जागा मिळाली, असं लोक हसून म्हणायचे. म्हणोत बापडे. आईंच्या नजरेतून माझी एक वेलांटी कधी निसटली नाही.

कधी नाही म्हणजे, गेल्या वर्षापर्यंत.

आधी एखादा काना राहिला. मग एका पुस्तकात ‘आभार’च्या जागी ‘आभाळ’ छापून आलं, आणि लेखकाने आपल्या समस्त मित्रपरिवाराचे अंतःकरणपूर्वक आभाळ मानले. प्रकाशकांचा फोन आला. “हल्ली वाचन कोण करतं तुमच्याकडे? नाही, सहज विचारतोय. आणखी एक पुस्तक असं आलं ना, तर वाचन मला दुसरीकडे द्यावं लागेल.”

मी “बघते” म्हणून फोन ठेवला. आई शेजारीच होत्या.

“काय म्हणत होता?”

“मुखपृष्ठाचं विचारत होते.”

तेव्हापासून मी चोरून वाचायला लागले. आईंनी एकदा वाचलेलं पुस्तक त्या दुपारी आडव्या झाल्या की मी पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, सुटलेल्या चुकांवर पिवळा रंग फासायचा, आणि मग गुपचूप दुरुस्त करायच्या. त्या फाइलला नाव काय द्यावं याचा मी फार विचार केला नाही. आईंच्या वाचनानंतरची प्रत, म्हणून ‘आईंनंतर’.

आमच्या ह्यांना हे सगळं ठाऊक होतं. स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजाच्या आडोशाने आमची कुजबुज चालायची.

“तू सांग तिला.”

“आई तुमच्या. तुम्ही सांगा.”

“आई माझी असेल, मुद्रितं तुझी तपासते.”

असा चेंडू इकडून तिकडे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची दोघांचीही तयारी नव्हती. एकतीस अधिक अकरा, बेचाळीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या, तिला तिची चूक दाखवायची कोणी? आणि दाखवून झाल्यावर तिने सकाळी उठून जायचं कुठे? माझ्या खुर्चीमागच्या त्या स्टुलाशिवाय त्यांना दुसरं ठिकाण नव्हतं. खरं म्हणजे मलाही पाठीशी दुसरं कोणी चाललं नसतं.

पण पाठीशी कोणी बसलेलं असताना चोरी करता येत नाही. आईंची दुपारची झोपही पातळ होत चालली होती. मी एक पान उलटेपर्यंत त्या स्टुलावर हजर. म्हणून, हे ज्या इमारतीची लिफ्ट सांभाळतात तिथल्या एका ऑफिसने जुने मॉनिटर काढून टाकले आणि ह्यांनी त्यातले दोन काखोटीला मारून आणले, तेव्हा मी लगेच म्हटलं, “एक माझ्या टेबलावर आणि एक आईंच्या खोलीत. आपल्या खुर्चीत आरामात बसून वाचतील. गुडघ्यांना तेवढीच विश्रांती.”

गुडघ्यांचं खोटं नव्हतं. खोट्यात थोडं खरं कालवलं की ते छान मिळून येतं.

रविवारी सकाळी ह्यांनी टेबलाखाली मुक्काम ठोकला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला तारांचं भय नसतं, पण टेबलाखालच्या तारा म्हणजे न सुटणारा गुंता. आईंच्या खोलीत केबल न्यायची तर भिंतीला टेलिफोनच्या तारेचं जुनं भोक होतं. केबल त्यातून आरामात गेली असती, केबलचं डोकं जाईना. मग ड्रिल, मग धूळ, मग मी केर काढला.

तिसरा मॉनिटर मात्र काळाठिक्कर. ‘सिग्नल नाही’ एवढंच लिहायचा आणि झोपायचा.

“मॉनिटर मेलेला दिसतोय,” मी म्हटलं.

“मेला नाही, उपाशी आहे,” टेबलाखालून आवाज आला. “टॉर्च धर. हे बघ, डब्याच्या मागे वायरी खुपसायच्या दोन ओळी आहेत. वरची मूळ बोर्डाची, खालची तीन पडद्यांसाठी आपण घातलेल्या कार्डाची. कार्ड घातलं की वरची ओळ संपावर जाते. आणि मी शहाणा, वायर वरच्या ओळीत खुपसून बसलोय.”

खालच्या ओळीत वायर गेली आणि पलीकडच्या खोलीतून आईंची हाक आली, “उजाडलं गं इकडे!”

मग ह्यांनी पडद्यांचे नंबर दाखवणारं बटण दाबलं. प्रत्येक मॉनिटरवर हातभर आकडा आला. डावीकडून एक, दोन, तीन यावेत अशी ह्यांची अपेक्षा. आईंच्या खोलीत दोन, माझ्यासमोर तीन, उजवीकडे एक.

“ह्याला मोजता येत नाही,” हे म्हणाले.

“त्याला येतं. तुम्ही वायरी लावल्यात त्या क्रमाने मोजतोय तो.”

आईंची खोली माझ्या डाव्या हाताला. पण कॉम्प्युटरच्या मते ती उजवीकडे होती. मी बाण उजव्या पडद्यावर नेला, तो कडेच्याही पुढे गेला आणि दिसेनासा झाला.

“अगं, तुझा बाण आलाय इकडे!” भिंतीपलीकडून आई. “नुसता फिरतोय. परत बोलाव त्याला.”

सेटिंगमध्ये तीन चौकोन असतात, ते माऊसने उचलून आपल्या खोल्यांसारखे मांडायचे असतात. मी आईंचा चौकोन उचलून डाव्या टोकाला ठेवला. आता पानाची खिडकी माऊसने धरून डावीकडे ओढली की ती माझ्या पडद्याच्या कडेतून अर्धी जायची, क्षणभर अर्धं पान माझ्याकडे आणि अर्धं आईंकडे, आणि मग भिंतीतून पलीकडे. पहिल्या दिवशी मी ते आठ-दहा वेळा उगीचच केलं. शेवटी आई म्हणाल्या, “एकदा काय ते दे, की घेऊन जा. पाहुण्यांसमोर ताट पुढे-मागे केल्यासारखं काय लावलंयस?”

त्या आठवड्यात हातात मधमाश्यांवरचं पुस्तक होतं. लेखक गुरांचे निवृत्त डॉक्टर, अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखंच. उजव्या पडद्यावर त्यांच्या हस्तलिखिताचे फोटो, मधल्यावर माझं काम, डावीकडून पान आईंकडे. आई पलीकडून ओरडून चुका सांगायच्या: “सत्तावीस पान, खालून चौथी ओळ, ‘फुलां’ला अनुस्वार!” मी इकडून “केला!” म्हणायचे. शेजारच्यांना वाटत असेल, सासू-सुनेचं बिनसलंय. उलट इतकं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. मान मोकळी, टेबल ऐसपैस, अंबाड्याबद्दल तक्रार नाही.

दुपारी पान मी माझ्याकडे ओढून घ्यायचे आणि चुकांवर पिवळा रंग फासायचे. मॉनिटर बंद करायचं बटण आईंना कधीच सापडलं नाही. त्या त्यावर टॉवेल टाकून आडव्या व्हायच्या. सापडत होत्या त्या चुका लहानसहान नव्हत्या. एके ठिकाणी मी ‘राणीमाशी’ऐवजी ‘राणीमावशी’ टाइप केलं होतं. राणीमावशी दिवसाला शेकडो अंडी घालतात. आईंनी ते पान ‘छान झालंय’ म्हणून पास केलं होतं. मी हसले, आणि मग तशीच बसून राहिले.

शनिवारी वाचन संपलं. “झालं गं पुस्तक!” आई पलीकडून म्हणाल्या. आवाज इतका खुशीत होता की मीही खुशीत आले आणि पानाची खिडकी इकडे न आणता तिथल्या तिथेच बंद केली. इथे माझं चुकलं. हे प्रोग्रॅम घरच्या गुरासारखे असतात. जिथे शेवटचं बांधलं, तिथेच परत जाऊन उभे राहतात.

जेवणं झाली. ह्यांचा शनिवारचा अर्धा दिवस, हे वर्तमानपत्र घेऊन दारात बसले होते. आईंच्या खोलीत सामसूम. मी ‘आईंनंतर’ उघडली. काही उघडलं नाही. वाटलं, कॉम्प्युटर दमलाय. पुन्हा उघडली. नाहीच. तिसऱ्यांदा जरा रागाने बटण दाबलं.

“सूनबाई,” पलीकडून आवाज आला, अगदी शांत. “माझ्यानंतरचं जे काही ठरवलंयत, ते तीन-तीनदा दाखवायची गरज नाही. एकदा दिसलं मला.”

मी उठले ती जवळजवळ धावतच गेले. आई आडव्या झाल्याच नव्हत्या. टॉवेल खांद्यावर, चष्मा नाकावर. समोर पडद्यावर वरच्या पट्टीत ठळक अक्षरांत: आईंनंतर. खाली मधमाश्यांचं पान, त्यावर पिवळे पट्टे.

“मी म्हटलं, बघू तरी,” आई म्हणाल्या, “खोली कोणाला, कपाट कोणाला. तर इथे माश्याच.”

“आई, ते तसं नाही. नंतर म्हणजे... नंतरची प्रत.”

“कशानंतरची?”

हे वर्तमानपत्र हातात घेऊनच आत आले, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मदतीला धावले. “पिवळं दिसतंय ते ना आई? मॉनिटर जुना आहे. कुठे कुठे पिवळा पडतो.”

“बरोबर चुकीच्या शब्दांवरच पडतो वाटतं?”

“उष्णतेने होतं तसं,” हे म्हणाले, आणि माझ्या नजरेला नजर न देता वर्तमानपत्राची घडी घालू लागले.

“तू लिफ्टच बघ बाबा,” आई म्हणाल्या. मग मला: “खाली सरकव.”

मी बाण सरकवला. पानामागून पान. पिवळं, पिवळं, दोन पानं कोरी, पुन्हा पिवळं. आई एकेक वाचत होत्या, ओठ हलत होते. राणीमावशीपाशी आल्या आणि थांबल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या.

“मावशी! अगं, आणि मी ते पान दोनदा वाचलं होतं.”

“माझाच हात घसरला आई. चूक माझीच आहे.”

“हात घसरायचाच. हात घसरतात म्हणून तर आम्हाला पगार होता.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “कधीपासून वाचतेस माझ्या मागून?”

“नाही, अधूनमधून. सहज. एखादं पान.”

“कधीपासून?”

“आभाळापासून,” मी म्हटलं.

“म्हणजे वर्ष झालं.” त्या ह्यांच्याकडे वळल्या. “आणि तुला माहीत होतं.”

हे म्हणाले, “आई, चहा टाकू का?”

“टाक. पण इथे उभा राहून ऐक आधी, मग टाक.” आईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि पडद्याकडे पाहतच बोलू लागल्या. “छापखान्यात आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मजकूर वाचायचा नाही, अक्षरं बघायची. मी एकतीस वर्षं अक्षरं बघितली. हजार पुस्तकं गेली असतील नजरेखालून, एकातही पुढे काय झालं ते विचारू नकोस. आणि आता काय होतं माहितीये? ह्या डॉक्टरांनी लिहिलंय, कामकरी माशी परत येऊन नाचून दाखवते, फुलं कुठल्या दिशेला आहेत ते. मी ते वाचलं आणि त्या माशीचंच नवल करत बसले. पुढची चार पानं कशी गेली कळलंच नाही. राणीची हकिगत तर मी श्वास रोखून वाचली. मावशी आहे की माशी, कोणाचं लक्ष होतं तिकडे!”

“मग छानच आहे की,” मी घाईने म्हटलं. “तुम्ही पहिलं वाचन करायचं, मी नुसता वरवर हात फिरवेन. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे. काही बदलायला नको.”

“तसंच करा,” हे म्हणाले. “आता मॉनिटरही आहे.”

आईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. चुकलेलं पान हातात धरल्यावर छापखान्यातल्या पोरांकडे त्या ज्या नजरेने पाहत असतील, त्याच नजरेने. फक्त डोळे हसरे होते.

“तुम्ही दोघं बोलायचं नाही म्हणून बोलत नाही, आणि मीही, चुका निसटतायत हे कळूनसवरून, वर्षभर गप्प बसले,” त्या म्हणाल्या. “आता ऐका. मला चुका सापडत नाहीत. माझ्याच्याने हे काम आता होत नाही. मुद्रितं तू तपास, सूनबाई, आणि पान मला पाठवत जा. मी नुसती वाचेन.”