हळद लागलेला ब्रश

मी इथे आहे, खिडकीत. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत बघा. सात-आठ ब्रशांच्या गर्दीत ज्याचे केस पिंजारलेत आणि पिवळट पडलेत, तोच मी बोलतोय. हसलात ना? हसा खुशाल. एके काळी माझं टोक इतकं अणकुचीदार होतं, की पाखराच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका मी नुसता टेकलो की उमटायचा.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. एका बाईनं बारीक केस निवडून, बोटांत जुळवून मला पितळी नळीत बसवलं. मग लीड्सच्या एका दुकानात काचेच्या कपाटात मी बरेच दिवस भाव खात उभा होतो. लोक किंमत वाचायचे आणि माझ्या शेजारचा स्वस्त नायलॉनचा ब्रश घेऊन जायचे.

२००४च्या हिवाळ्यात वैजयंती आली. अंगात दोन स्वेटर, वर कोट, तरी कुडकुडत होती. नागपूरला ती शाळेत चित्रकला शिकवायची. नवरा मोहन इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, म्हणून तीही इकडे आली. तिनं मला उचललं आणि सरळ जिभेवर टेकवून टोक तपासलं. दुकानदार आ वासून बघत राहिला. मी मात्र मनात म्हटलं, ही बाई आपली!

वैजयंतीला प्राणी रंगवायचे होते. सुरुवात मागच्या बागेतल्या कोल्ह्यापासून झाली. तो रोज संध्याकाळी कुंपणावरून यायचा आणि वरण-भाताचं उष्टं चाटूनपुसून खायचा. मग साळिंदराचा धाकटा भाऊ वाटावा असा हेजहॉग आला, छातीवर लाल रंग मिरवणारा रॉबिन आला. आणि एक दिवस शहराबाहेरच्या शेतात तिला रानससा दिसला. लांबलचक कान, मधाच्या रंगाचे डोळे. त्या दिवसापासून बाईसाहेब त्याच्या प्रेमात पडल्या.

पहाटे उठायचं, फ्लास्कमध्ये आल्याचा चहा भरायचा, पहिली बस धरायची. घडीचं स्टूल टाकून ती बांधाशी बसायची. मला कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची आणि रंगाचं पाणी गोठू नये म्हणून बाटली काखेत. मला फार सुख वाटायचं तिथे.

घरी मात्र वेगळाच सूर होता. नागपूरहून सासूबाई फोनवर म्हणायच्या, "छंद ठीक आहे गं, पण नोकरीचं काय ते बघ." वैजयंती "हो आई" म्हणायची आणि त्या दिवशी मला जरा जास्तच जोरात धुवायची.

पुढच्या वर्षी एका गॅलरीनं प्राणिचित्रांचं प्रदर्शन जाहीर केलं. वैजयंती आपली रेखाटनं घेऊन गेली. तिथल्या हेलनबाईंनी ती बघितली आणि गोड हसून म्हणाल्या, तुम्ही इंडियाच्या, तुमच्याकडून वाघ आला असता तर लगेच भिंतीवर लावला असता. ससा काय, इथले सगळेच काढतात. तरी पूर्ण करून आणा, मग बघू.

घरी येऊन वैजयंतीनं पर्स आदळली. "मोहन, आपण ताडोबाला इतक्या वेळा गेलो, एकदा तरी वाघ दिसला? नुसते पगमार्क्स! जो मी बघितलाच नाही तो कसा काढू? ससा बिचारा मला रोज अपॉइंटमेंट देतो."

"मग ससाच काढ," मोहन म्हणाला. "पण असा काढ, की ती बाई वाघ विसरली पाहिजे."

चित्र मनासारखं जमत गेलं. फक्त कान राहिले. उन्हात पारदर्शक दिसणारे ते कान काही केल्या जमेनात. चित्र द्यायची शेवटची तारीख नेमकी दसऱ्याची, आणि सासूबाई तेव्हा लीड्सलाच राहायला आलेल्या.

खंडेनवमीच्या सकाळी वैजयंती अंघोळ करून आली, तर टेबलावर एकही ब्रश नाही! आम्ही सगळे देवापुढे पाटावर ओळीनं मांडलेले. एका बाजूला मोहनचा स्टेथोस्कोप, दुसऱ्या बाजूला विळी, मध्ये आमची वरात. बाकीच्यांना सासूबाईंनी दांड्यावर हळदकुंकू लावलं. मी सगळ्यांत लहान, म्हणून पुढे होतो. माझ्या मात्र थेट डोक्यावरच ओल्या हळदीचं बोट टेकलं.

"आई, हे काय केलंत? उद्या संध्याकाळपर्यंत पेंटिंग द्यायचंय! एक तरी ब्रश ठेवायचा होता."

"खंडेनवमी आहे. कामाची हत्यारं पूजेला लावायची असतात. उद्या पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही."

"कामाची?"

"मग काय खेळातली? आल्यापासून बघतेय मी. इतक्या थंडीत रोज अंधारात उठून जातेस. गमतीसाठी कोण जातं एवढं?"

वैजयंती तिथेच पाटासमोर बसली. डोळे पुसत हसत होती. मोहन तिच्या कानाशी कुजबुजला, "तू काढ गुपचूप. आईला झोपवायचं काम माझं, धंदाच आहे तो आपला." पण तिनं मान हलवली. मला त्या स्टेथोस्कोपशेजारून उचलावं, असं तिला वाटेना. चित्र राहिलं तर राहिलं.

दसऱ्याला सासूबाई भल्या पहाटे उठल्या. आरती केली, आपट्याची पानं कुठली मिळणार, म्हणून कुंपणावरच्या आयव्हीच्या वेलीची पानं सोनं म्हणून वाहिली. मग त्यांनी स्वतःच्या हातानं मला उचलून वैजयंतीपुढे धरलं. "आज हत्यार घरात ठेवायचं नसतं. आज सीमोल्लंघन. घे!"

पण माझी काय दशा झाली होती! हळद वाळून केस फाकलेले. तिनं मला धुतलं, पुन्हा धुतलं. पिवळेपणा जाईना, टोक जुळेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा एवढा बारीक ब्रश घरात नव्हता. शेवटी तिनं देवाचं नाव घेऊन मला तसंच रंगात बुडवलं आणि सशाच्या कानाच्या कडेवरून ओढलं.

एका फटकाऱ्यात कितीतरी केस उमटले. मऊ, विस्कटलेले, अगदी खरे. आणि त्यांत हळदीची सोनेरी झाक! कानांतून सकाळचं ऊन आरपार आलं.

"अगं बाई!" वैजयंती ओरडली. "आई, इकडे या, लवकर या!"

संध्याकाळी आम्ही सगळे गाडीतून निघालो. मागच्या सीटवर दसऱ्याची साडी, वर मोहनचं जॅकेट अशा थाटात सासूबाई चित्र धरून बसलेल्या. हेलनबाई सशाच्या कानांशी वाकल्या. मग त्यांनी विचारलं, हा पिवळा रंग कुठल्या कंपनीचा? सासूबाईंना प्रश्न समजावून सांगितला, तेव्हा त्या ऐटीत म्हणाल्या, "सांग तिला, नागपूरची हळद आहे." आणि ससा भिंतीवर लागला. अगदी दारासमोर!

त्यानंतर कामं येत गेली. तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेले बॅजर झाले, घुबडं झाली, वैजयंतीच्या नावाचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. अणकुचीदार टोकाची कामं आता नव्या ब्रशांकडे. केसाळ अंग आलं, की मात्र मलाच बोलावणं येतं.

आता माझे बरेच केस गळलेत. तरी दर खंडेनवमीला पाटावरची पुढची जागा माझीच. नागपूरहून सासूबाईंचा फोन येतो, "ब्रशची पूजा झाली ना गं?" स्टेथोस्कोपची चौकशी त्या करत नाहीत. मोहन लटकं रागावतो.

तुमच्याही घरात कुणाचा तरी असा एखादा "छंद" कोपऱ्यात पडलेला असेल. यंदा त्यालाही पाटावर मांडा. फक्त हळद बेतानं लावा हो. ती जाता जात नाही.