समोरून येणारे पाणी

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. मुठीएवढा, काळा, अंगावर जांभळट चुन्याचे डाग पडलेला. मी गच्चीवर पाणी चढवत नाही की शेताला देत नाही. काचेच्या मोठ्या टाकीतले खारे पाणी हलते ठेवायचे, म्हणजे त्यातल्या प्रवाळांना आपण समुद्रातच आहोत असे वाटावे, एवढेच माझे काम. गुरुग्राममधल्या एका उंच इमारतीत मी ते करतो. समुद्र मी कधी पाहिला नाही. त्याच्याबद्दल जे काही कळले, ते वृंदाच्या हातांमुळे.

कारखान्यात माझ्यासारखे कितीतरी पंप एकाच साच्यातून निघाले. खोक्यात बंद होऊन मी फरीदाबादच्या एका दुकानात आलो आणि बरेच दिवस फळीवर पडून राहिलो. तिथून मला वृंदाने निवडले.

वृंदा पूर्वी मालवणला असायची. एका संस्थेसाठी ती समुद्रात बुडी मारून तळाशी असलेल्या प्रवाळांची पाहणी करी. एकदा खाली असताना तिच्या कानाला इजा झाली आणि यापुढे बुडी मारायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले. तिचा नवरा मानस केंद्र सरकारच्या नोकरीत, दिल्लीला. लहानग्या कृतिकाला घेऊन वृंदा त्याच्याकडे गुरुग्रामला राहायला आली. सगळे मार्गी लागले. पण बादली भरून वाहायला लागली तरी वृंदा पाण्यात हात घालून तशीच उभी राहते, हे मानसच्या लक्षात आले होते. म्हणून त्याने दिवाणखान्याची एक अख्खी भिंत मोकळी करून तिच्यासाठी टाकी बनवून घेतली.

पंप घ्यायला दोघे दुकानात आले. मानस बरेच काही वाचून आला होता. दुकानदाराने त्याच्यासमोर एक दांडगा पंप ठेवला.

"सर, बड़ा वाला लीजिए. एक ही में पूरा टैंक घूमेगा."

"बिल्कुल," मानस म्हणाला. "हाच घेऊ, वृंदा. एकच वायर, एकच कटकट."

"भैया, चलाकर दिखाइए," वृंदा म्हणाली.

दुकानातल्या टाकीत तो पंप सुरू झाला. वृंदाने बाही वर करून त्याच्यासमोर तळहात धरला. तळाची वाळू उडून पाणी गढूळ झाले.

"हा तर नळ झाला," ती मानसला म्हणाली. "समुद्र असा एकाच बाजूने रेटत राहत नाही. याच्यासमोर मऊ प्रवाळ उघडायचेच नाहीत, मिटून बसतील. आणि मागच्या कोपऱ्यात पाणी नुसतं साचून राहील."

दगडी प्रवाळ घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे आणि तिला ते नकोच होते. मऊ प्रवाळांसाठीच तिची ही सगळी धडपड होती. तिने मला आणि माझ्याच जातीच्या आणखी एकाला खाली काढायला लावले.

"मला असे दोन हवेत, समोरासमोर. एकाने ढकलायचं आणि थांबायचं. मग दुसऱ्याचं पाणी येऊ द्यायचं."

"दोन म्हणजे दुप्पट साफसफाई, यार."

"ती मी करीन ना."

अशा रीतीने मी डाव्या काचेवर बसलो आणि माझा जोडीदार उजव्या. आमच्यामध्ये दगड होते, प्रवाळ होते, मासे होते. आम्ही एकमेकांना कधी नीट पाहिलेही नाही. पण मी थांबलो, की थोड्या वेळाने त्याचे पाणी माझ्या जाळीपाशी येऊन टेकायचे. मला सोबत अशी ती तेवढीच. ती मला पुरत असे.

वृंदाने नखाएवढा एक प्रवाळ लावला होता. तो वाढून छत्रीसारखा पसरला. अधूनमधून तो मिटायचा आणि त्याच्यावर मेणचट पापुद्रा यायचा.

"आई, हा सिक आहे का?" कृतिकाने एकदा विचारले.

"नाही गं. कात टाकतोय."

"कात म्हणजे?"

"जुनी स्किन. दोन्हीकडून पाणी आलं की ती सुटून वाहून जाते. नाही आलं, तर त्याच्याच अंगावर सडते."

पाहुणे येत, माशांचे फोटो काढत. आमच्याकडे कोणी बघत नसे. वृंदा मात्र दर महिन्याला आम्हाला आळीपाळीने बाहेर काढायची, व्हिनेगरच्या पाण्यात भिजवायची आणि जुन्या ब्रशने आमच्या पात्यांवरचा चुना घासायची. परत बसवताना हात पाण्यातच ठेवून ती डोळे मिटायची. आमच्या पाण्यात तिला काहीतरी सापडत असावे. पण ते पुरेसे नसावे, असेही मला वाटायचे.

मग मालवणला तिचे वडील पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. वृंदा गेली आणि तिचा मुक्काम लांबतच गेला. मानसने सुरुवातीला आम्हाला एकदा धुतले. पुढे ऑफिसच्या कामात ते राहूनच गेले. चुना साचत गेला. माझा श्वास जड झाला. आणि एका सकाळी मी ढकलले, थांबलो, वाट पाहिली, पण समोरून पाणी आले नाही.

मी पुन्हा ढकलले. पुन्हा थांबलो. मित्रांनो, ते थांबणे फार कठीण होते.

छत्रीसारखा प्रवाळ मिटला. त्याचा पापुद्रा सुटेना, कडा तपकिरी पडू लागल्या. मानसने घाईघाईने दुकानात फोन करून मोठा पंप मागवला. रविवारी कृतिकाने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टाकीकडे वळवला.

वृंदाने फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "मानस, उजवा बंद आहे?"

"हो. मी नवीन मागवलाय, मोठा. तू काळजी करू नकोस."

"मोठा लावू नकोस. आधी दोघांनाही काढून भिजव. आणि तोवर हाताने पाणी हलव. हळू. एकदा ढकलायचं, मग थांबायचं."

कृतिकाने फोन स्टुलावर टेकवला. आम्हाला व्हिनेगरमध्ये ठेवून मानसने खांद्यापर्यंत हात टाकीत घातला. तो पाणी ढकलत होता, थांबत होता. बराच वेळ गेला. अखेर पापुद्र्याची एक कड सुटली आणि हळूहळू सगळा पापुद्रा निघून तरंगू लागला.

मानसने वर पाहिले. फोनमध्ये वृंदाचे केस वाऱ्याने उडत होते आणि तिच्या मागे समुद्र होता.

"तुला परत यायचंय का इकडे?" त्याने विचारले.

तिने फोन किनाऱ्याकडे वळवला.

"इथे आता किनाऱ्यावरच टाक्या आहेत," ती म्हणाली. "प्रवाळांचे तुकडे वाढवतात. बुडी मारावी लागत नाही. माझ्या जुन्या संस्थेने मला कामावर येतेस का विचारलंय."

"तू काय सांगितलंस?"

"अजून काहीच नाही. तुला कसं सांगावं तेच कळत नव्हतं."

"मी आधीच विचारायला हवं होतं," मानस म्हणाला. "हो म्हण. आम्ही सुट्टीत येत जाऊ."

मी भिजून मोकळा झालो. माझ्या जोडीदाराचा पाती फिरवणारा आस मात्र काढतानाच तुटला. मानसने मोठा पंप खोके न उघडताच परत केला आणि उजव्या काचेवर माझ्याच जातीचा एक नवा आणून बसवला.

वृंदा आता मालवणला असते. नवा जोडीदार तरुण आहे, आवाजही करत नाही. त्याचे पाणी वेळेवर येते. तरी मी अजून जुन्याच्या पाण्याची वाट पाहतो, आणि महिना भरत आला की वृंदाच्या बोटांची. आता कृतिका आम्हाला धुते. कधी विसरते, मग दुसऱ्या दिवशी दुप्पट घासते. प्रवाळ पुन्हा पसरला आहे.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. तुमच्या घरी जी यंत्रे मुकाट्याने राबतात, त्यांना वेळच्या वेळी उघडून पुसत जा. आणि कोणी आपले आवडते काम, आपले गाव मागे ठेवून तुमच्याजवळ राहायला आले असेल, तर त्याला तिकडची आठवण येते का, हे विचारायला काहीतरी बंद पडायची वाट पाहू नका.