चष्म्याखाली लपवलेली पट्टी

मी चष्म्याची डबी बोलतेय. काळी, आतून मखमली, झाकण गच्च बसणारी. त्या झाकणाचाच मला तोरा होता. आज त्याचीच लाज वाटते.

माझे मालक शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. गिऱ्हाइकाची मापं पाव इंचापर्यंत लिहिणारा हा माणूस स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही. दोन वर्षांपासून हृदयाचा त्रास. त्यांच्या गोळ्या काकू, म्हणजे त्यांची बायको, स्वतः हातावर ठेवतात.

गेल्या महिन्यात शेजारच्या इस्त्रीवाल्याने त्यांच्या हातात गोळ्यांची एक पट्टी कोंबली. "घे रे, पुन्हा नवरदेव होशील. मी घेतो, मला काय झालंय?"

"हळू बोल," म्हणत मास्तरांनी ती माझ्यात, चष्म्याखाली सरकवली. मी झाकण मिटलं.

एका दुपारी त्यांनी त्यातली गोळी घेतली. तासाभराने छाती दाटून आली, घाम फुटला. काकूंनी त्यांना दवाखान्यात नेलं. मी काकूंच्या पिशवीत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "नेहमीच्या गोळ्यांखेरीज काही घेतलंत? कुणी दिलेलं, ताकदीचं, काहीही?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "नाही."

"सगळं माझ्या हातूनच घेतात हो," काकू म्हणाल्या.

नर्सने जिभेखाली ठेवायची गोळी काढली. मला सगळं ठाऊक होतं. डबीला कुठलं आलंय तोंड, अशी मी स्वतःचीच समजूत घालत होते.

तेवढ्यात कागदावर सही हवी झाली. काकूंचा चष्मा घरी राहिलेला. मास्तरांचा घ्यायला त्यांनी मला उघडलं. पट्टी खाली पडली. एक गोळी कमी.

"थांबा," पट्टीवरचं नाव वाचून डॉक्टर नर्सला म्हणाल्या. "ही आणि तुमच्या हातातली, या दोन गोळ्या एकत्र गेल्या तर रक्तदाब इतका कोसळतो की माणूस हातचा जातो. कधी घेतलीत, मास्तर?"

"दीड वाजता," मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले.

उपचार दुसऱ्या औषधांनी झाले. काकू बोलल्या त्या थेट घरी आल्यावर. "अहो, मरायला तयार झालात, पण मला सांगायला नाही?"

मास्तर नुसतं माझं झाकण उघडत-मिटत राहिले.

आता माझ्यात सगळ्या गोळ्यांची यादी असते, काकूंच्या अक्षरात. शेवटची ओळ मास्तरांची: त्या गोळीचं नाव आणि पुढे 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही'.

तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी असेल. तिच्या भरवशावर राहू नका. आम्हाला फक्त मिटता येतं.

काल तपासणीला गेलो. डॉक्टरांनी विचारायच्या आत मास्तरांनी मला टेबलावर ठेवून उघडलं. त्यांचे कान लाल झाले होते. माझ्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं, तरी तो उजेड मला सोसवेना.