पेरलेली पेनं

संपलेलं पेन तुम्ही कुठे टाकता? टोपलीत, म्हणाल. आणि टोपली कुठे जाते? तिथे मात्र आपण सगळेच हात झटकतो! तर ऐका.

एका ऑफिसात साहेबांनी नवी पेनं मागवली. बाहेरून कागदाची गुंडाळी, शेपटाला बी, पाकिटावर टवटवीत हिरवं पान.

"लिहून झालं की कुंडीत खोचा. झाड येतं!" साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

टायपिस्ट तेवढा खवचट. "साहेब, आत प्लास्टिकची रिफिल आहे, टोकाला पितळ. त्याचं काय उगवणार? स्टेपलर?"

"गप रे! तुला नुसती खोट काढायची खोड," हिशेबनीस ताई डाफरल्या. "निदान काहीतरी चांगलं करतायत ना?"

आणि कुंडी कुणाची? ताईंचीच. ऑफिसच्या खिडकीत त्यांचा गुलाब होता, आईनं लावलेला. आई गेली. ताईंच्या घरात ऊन येत नाही, म्हणून त्यांनी तो इथे आणला. सकाळी पर्स खाली ठेवायच्या आधी त्या खिडकीशी जात. "कशी आहेस गं?" असं विचारून पाणी घालत.

लोक येता-जाता पेनं खोचू लागले. पेनांमागून मार्कर आले, खोडरबराच्या पेन्सिली आल्या. टोपली रिकामी, मन साफ! ताईंनीही आपली पेनं हौसेनं खोचली.

गुलाब पिवळा पडला. ताईंनी पाणी वाढवलं. पानं गळाली. एका सकाळी खोडच हातात आलं, बुडाशी काळं, कुजकं.

ताईंनी कुंडी उचलली, साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि टेबलावर पालथी केली.

"अहो ताई! हे काय?"

"तुमची बाग."

कागदाचा लगदा होऊन कुंडीचं भोक बुजलं होतं. पाणी तुंबून मुळं सडली होती. बी एकही रुजलं नव्हतं. रिफिली मात्र जशाच्या तशा, चकचकीत!

"कंपनीनं फसवलं हो आपल्याला," साहेब पुटपुटले.

"आपल्याला फसायचंच होतं साहेब! टोपलीत टाकताना मनाला टोचायचं. कुंडीत टाकताना टोचेनासं झालं. तेवढ्यासाठीच घेतली ही पेनं." ताई दाराशी उभ्या टायपिस्टकडे वळल्या. "तू सांगत होतास रे. मीच तुझं तोंड बंद केलं."

टायपिस्टनं टेबलावरची एक फांदी उचलली. "ताई, एखादी फांदी लावून बघू या?"

"वाळल्या सगळ्या."

साहेबांनी चिखलातून एक पेन उचललं. कागद सोलला. आतली प्लास्टिकची रिफिल पितळेच्या टोकाला अशी चिकटवलेली, की नखं दुखली तरी सुटेना.

"हे सुटतच नाही," ते म्हणाले. त्यांची मान खाली गेली. "घेताना एकदा तरी उघडून बघायला हवं होतं मी."

आता तिथे रिफिल बदलता येणारी साधी पेनं येतात. त्या दिवशी चिखलानं मळलेला साहेबांचा शर्ट धुतला गेला. गुलाब परत आला नाही.

नागरिकहो, कागदाला प्लास्टिक आणि प्लास्टिकला पत्रा डकवलेली वस्तू हातात आली की आधी विचारा, हे वेगळं होतं का? होत नसेल तर ती दुकानातच राहू द्या. एकदा घरात आली, की ती कुणाच्या ना कुणाच्या मुळाशी जाणारच!

ताई अजून सकाळी पर्स न ठेवता खिडकीशी जातात आणि अर्ध्यातून परततात. कपाटात पेनांचं एक पाकीट उरलंय. त्यावरचं पान अजूनही हिरवंगार आहे.