मापात शिवलेली खुर्ची

सोफ्यांच्या गाद्या शिवणाऱ्या त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणायचे, आणि ते ऐकताना त्याचे कान कधी थकायचे नाहीत. गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी उस्तादाचं व्याख्यान ऐकायचं, मगच कापड बघायचं. "फार मऊ मागू नका साहेब. गादीनं सगळा भार घेतला की पाठ आळशी होते." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, ते हेच.

त्याची लेक जन्मली तेव्हा दीड किलोचीही नव्हती. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून घरी आली ती एवढीशी, म्हणून ठिपकी. पालथी घातली की ती रडायची, आणि ती रडली की उस्तादाचा जीव खालीवर व्हायचा. शेवटी त्यानं दुकानातला सगळ्यात चांगला फोम काढून तिच्या मापाची खुर्ची शिवली. मानेला उशी, दोन्ही कुशींना उशी, मांड्यांमध्ये उंचवटा. लेक वाढली की शिवण उसवून तो पुन्हा माप घ्यायचा. ठिपकी त्यात राणीसारखी ताठ बसून खुळखुळा वाजवायची. शेजारणीच्या गुबगुबीत पोराआधी आमची बसली, हे त्यानं अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं.

तपासणीला जातानाही त्यानं खुर्ची बरोबर घेतली. बाळांचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "बसते का?"

"कधीचीच," उस्ताद म्हणाला.

बाईंनी ठिपकीला खुर्चीतून उचलून चटईवर बसवलं आणि धरलेले हात जरा सैल केले. ठिपकी कमरेतून दुमडली. तिचं कपाळ थेट तिच्याच पावलांवर टेकलं.

उस्ताद पुढे सरकला. "दचकली असेल. परत बसवा ना."

बाईंनी परत बसवलं. परत तेच.

"अहो, हिला झालंय तरी काय?" बायकोनं नवऱ्यालाच विचारलं. जसं काही त्याला माहीत होतं.

बाईंनी खुर्चीवरून हात फिरवला, कडेची शिवण पाहिली. "कुणी केली?"

"मी."

"काम फार सुंदर आहे. दिवसभर यातच असते?"

"झोप सोडली तर यातच," बायको म्हणाली.

"कमी वजनाच्या बाळांची पाठ आणि पोट बऱ्याचदा कमजोर असतं. वळवळून, कलंडून, परत सावरून ती जोर कमावतात. हिला कलंडायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. ही बसत नव्हती दादा, खुर्ची हिला बसवत होती."

गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं ऐकवलेलं वाक्य उस्तादाला आता स्वतःच्या आवाजात ऐकू आलं. परक्यांच्या पाठी सांभाळणाऱ्यानं पोटच्या पोरीची पाठ फोमला देऊन टाकली होती, तीही कौतुकानं. त्याला स्वतःच्या हातांची भीती वाटली.

"उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "मांडीवर घ्या हिला. हात बरगड्यांवर ठेवा. आता सैल करा."

"पडेल ती."

"पडू दे. तुमच्या हातातच पडणार आहे."

जन्मभर गाद्या घट्ट ताणणाऱ्या माणसाला हात सैल सोडणं जमेना. कसेबसे सोडले तर ठिपकी लगेच कलली, आणि सगळा भार त्याच्या उजव्या तळव्यावर टाकून तिनं भोकाड पसरलं. त्यानं बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे थांबा. बायकोनं पदर तोंडाशी धरला होता.

मग तळव्याखाली काहीतरी हललं. बरगड्यांच्या मधोमध, आतून, अगदी बारीक. त्याला आधी तो तिचा हुंदकाच वाटला. पण ते पुन्हा झालं, आणि त्याच्या हातावरचा भार कणभर कमी झाला.

"अगं," तो कसाबसा बायकोला म्हणाला, "ही मला ढकलतेय."

पुढच्याच क्षणी ठिपकी दुसऱ्या बाजूला कलंडली. उस्तादाचे डोळे वाहत होते, पण त्यानं हात घट्ट केला नाही.