दाराकडे लागलेला कान

पडदे शिवणाऱ्या त्या सुनेला पहिली चक्कर आली ती पट्ट्यापट्ट्यांचं कापड मशीनखालून सरकवताना. आधी पट्टे हलले, मागोमाग टेबल, मग भिंतीच फिरू लागल्या. खुर्चीचा पाय धरून ती जमिनीवर बसून राहिली. जाऊबाईंच्या मते मानेचा दोष, शेजारणीच्या मते पित्त. सल्ला द्यायला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

डॉक्टरीणबाईंनी कान पाहिले, तोल पाहिला, आणि लहानपणी डोकं दुखायचं का, असं विचारलं. दुखायचं, अंधार करून पडून राहावं लागायचं. तो मायग्रेन होता आणि हाही मायग्रेनच, बाई म्हणाल्या, वेस्टिब्युलर, म्हणजे तोलाचा. यात दर वेळी डोकं दुखेलच असं नाही, पण तोल जातो. कुणाला जागरणाने उसळतो, कुणाला उपाशी राहिल्याने, झगझगीत उजेडाने, पालटत्या हवेने, ताणाने. सून वेळेवर जेवू लागली, कॉफी सोडली, पट्ट्यांचं काम सोबतिणीला दिलं. चक्कर कमी झाली, पण पाठ सोडीना.

पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, मनावर काही ओझं आहे का? सून म्हणाली, छे, कसलं ओझं! शेजारी नवरा बसला होता. तो कुलपांचा कारागीर, मोजकं बोलणारा.

"ती झोपत नाही," तो म्हणाला. "माझी आई हल्ली सगळं विसरते, उठून बाहेर चालू लागते. हिचा एक कान कायम दाराकडे."

सुनेने मान खाली घातली. सासूबाईंमुळे आजारी पडले, असं कुणी म्हणू नये म्हणून तर ती इतके दिवस गप्प होती. बाई हळूच म्हणाल्या, "ताण आहे म्हणणं म्हणजे कुणावर आळ घेणं नव्हे."

जगाच्या दारांना कुलपं बसवणाऱ्या त्या माणसाचा हात स्वतःच्या आईला कोंडायला धजावेना. त्याने दाराला घंटी लावली आणि आपलं अंथरूण दाराशी आणलं. "आता कान माझा," एवढंच बायकोला म्हणाला. तिला गाढ झोप लागू लागली.

तरी एका दुपारी चक्कर आलीच. ती पलंगाची कड धरून डोळे मिटून पडली होती. सासूबाई आत आल्या. ही कोण, हे त्यांना आठवत नव्हतं. पण कुणीतरी घाबरलंय, एवढं त्यांना बरोबर कळलं. उशाशी बसून त्यांनी तिचा हात ओंजळीत घेतला.

"पड निवांत. मी आहे ना इथे. कुठे जात नाही."

आणि खरंच, दिवेलागणीपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. नवरा कामावरून परतला तेव्हा सून शांत झोपली होती, आणि त्याच्या आईने ओठांवर बोट ठेवून त्याला दारातच थांबवलं.